काळ्या लोकरीसाठी दख्खनी कळप: नर कुठला ठेवायचा, कातरायचं कधी आणि कसं

प्रश्न थोडक्यात असा. हातकणंगले तालुक्यात ६० दख्खनी मेंढ्यांचा कळप आहे, त्यात एकच नर आणि तोही जुना. घोंगडी विणणाऱ्यानं गेल्या खेपेची लोकर परत पाठवली. केस फार, रंग मिसळलेला आणि तंतू आखूड, अशा तीन तक्रारी होत्या. आता नर बदलायचा आहे. मेरिनो (बारीक लोकरीची परदेशी जात) आणावा का, माडग्याळ आणावा का, की दख्खनीच ठेवावा? आणि कातरणी हातकातरीनं करावी की मशिननं?

नर दख्खनीच ठेवा, पण आजवर ज्या पद्धतीनं तो कळपात राहिला ती पद्धत बदला. तिन्ही तक्रारींपैकी दोन पैदाशीतून आलेल्या आहेत आणि तिसरी कातरीतून.

मेरिनोचा मोह समजण्यासारखा आहे. मेरिनोचा तंतू २४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्याहून बारीक असतो. दख्खनीचा साधारण ४० मायक्रॉनच्या पुढे, आणि त्यातही पोकळ केस बरेच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनीचा मेरिनो आणि राम्बुये (तशीच बारीक लोकरीची परदेशी जात) नरांशी संकर करून पाहिला गेला आहे. संकरानं लोकर बारीक होते, यात वाद नाही. पण तुमचा गिऱ्हाईक सणगर, म्हणजे घोंगडी विणणारा आहे. त्याला पांढरी मऊ लोकर नको. त्याला काळी, रांगडी, पाणी निथळून टाकणारी लोकर हवी, कारण ती रंगवावी लागत नाही आणि चिंचोक्याची खळ दिल्यावर घोंगडी ताठ बसते. शिवाय मेरिनोच्या दाट लोकरीत मेण भरपूर असतं. ती गरम पाणी आणि साबणाशिवाय निघत नाही, पावसात लवकर वाळत नाही, आणि आपल्या माळावरचं कुसळ तिच्यात शिरलं की बाहेर येत नाही. दख्खनीच्या लोकरीत मेण कमी, म्हणून ओढ्याच्या थंड पाण्यातही ती बऱ्यापैकी साफ होते. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणाऱ्या कळपात मेरिनोचं रक्त घालणं म्हणजे चारा, औषध आणि सावली या तिन्हींचा खर्च वाढवून विकली न जाणारी लोकर पिकवणं.

माडग्याळचा प्रश्न वेगळा आहे, कारण तो बहुधा तुमच्या कळपात आधीच शिरलेला आहे. जत तालुक्यातली ही जात उंच, पोपटासारख्या बाकदार नाकाची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपक्यांची. मांसाला उत्तम, कोकरं झपाट्यानं वाढतात, बाजारात चांगला दर मिळतो. लोकर मात्र नावापुरती आणि तीही केसाळ. शिरोळ, हातकणंगले, मिरज या पट्ट्यात वाडे, म्हणजे मेंढपाळांचे तळ, एकमेकांजवळ उतरतात, रात्री नर कुठं जातो हे कोण बघतं? कळपातल्या तरण्या मेंढ्या एकदा रांगेत उभ्या करून बघा. नाकाला बाक, लांब लोंबते कान, मान आणि पोट जवळजवळ उघडं, अंगावर विटकरी ठिपके, यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर केसाळपणाचं उगमस्थान सापडलं म्हणून समजा. अशा मेंढ्या काढून टाकायची गरज नाही. त्यांना कानातल्या निळ्या बिल्ल्यानं वेगळं करा, त्यांची कोकरं मांसाला विका, आणि त्यांच्या पोटची एकही पाठ (तरणी मादी) पैदाशीला ठेवू नका.

आता मूळ दुखणं. बहुतेक कळपांत नर निवडला जात नाही, तो उरतो. तीन-चार महिन्यांत जी कोकरं जोरकस होतात ती बकरी ईदेला, जत्रेला किंवा घरच्या अडचणीला आधी विकली जातात, कारण पैसे त्यांचेच येतात. मागं जे किरटं राहतं तेच वर्षभरानं कळपाचा बाप होतं. ही निवडच आहे, फक्त उलट्या दिशेची. दहा वर्षं असं चाललं की कळप लहान होतो, लोकर विरळ होते, आणि मालक म्हणतो की जातच उतरली. त्यामुळं पहिला नियम पैशाचा आहे: दरवर्षीच्या कोकरांतली पाच-सहा सर्वांत चांगली नर कोकरं पहिल्या दोन कातरण्या होईपर्यंत विकायची नाहीत. ६० मेंढ्यांतून साधारण २५ नर कोकरं हाती लागतात असं धरलं तर पाच बाजूला ठेवणं परवडतं. दोन कातरण्यांनंतर त्यातली दोन ठेवा, बाकीची विका. तेव्हा ती वजनदार झालेली असल्यानं थांबल्याचा तोटा बराचसा भरून निघतो.

पाचांतली दोन कशी ओळखायची? जन्मतः काळं कोकरू बघून निर्णय घेऊ नका. काळी जन्मलेली बरीच कोकरं वर्ष-दीड वर्षात करडी होतात, आणि उन्हानं टोकं तांबूसही पडतात. म्हणून रंग दुसऱ्या कातरणीला, मुळाशी बघायचा. दोन्ही हातांनी लोकर फाडून कातडीपर्यंत उघडा. तीन जागा ठरलेल्या: खांदा, बरगडीचा मध्य आणि मांडी. खांद्यावरची लोकर सगळ्याच मेंढरांची बरी असते, तिथं बघून फसगत होते. केस सर्वांत जास्त मांडीवर येतात. मांडीची लोकर खांद्याच्या जवळपास असेल तो नर उजवा. चिमूटभर लोकर काढून तळहातावर पसरा. पांढुरके, जाड, आखूड, वाकवले की काडीसारखे मोडणारे तंतू दिसले तर ते मेलेले केस. ते पिंजताना गळतात, सुतात टोचतात आणि रंग घेत नाहीत. थोडे सगळ्यांतच असतात. चिमटीत सहज डोळ्यात भरतील इतके असतील तर तो नर नको.

दुसरी चाचणी कानाजवळची. पेन्सिलीएवढी बट दोन्ही टोकांना धरून कानाशी ताणा आणि मधे बोटानं टिचकी मारा. टण्ण आवाज आला तर तंतू सलग आहे. करकर आवाज होऊन मधेच तुटली तर त्या महिन्यात मेंढरू आजारी किंवा उपाशी होतं. लाळ्या-खुरकूत, नीलजिव्हा, मोठा ताप किंवा वैशाखातली उपासमार यानं तंतू त्या जागी बारीक पडतो. सगळ्या कळपाची लोकर एकाच ठिकाणी तुटत असेल तर दोष चाऱ्याचा किंवा साथीचा, नराचा नाही. हा फरक न कळल्यानं चांगले नर काढून टाकले जातात.

वजन काट्यावर करा, डोळ्यानं नको. दख्खनीची एका कातरणीची लोकर साधारण पाव ते अर्धा किलो भरते, म्हणजे पन्नास ग्रॅमचा फरकही मोठा असतो आणि तो नजरेला दिसत नाही. एकाच महिन्यात जन्मलेली कोकरं एकमेकांशी ताडून बघा. कार्तिकातलं कोकरू आणि माघातलं कोकरू यांची तुलना होत नाही. जुळं असेल तर तशी नोंद करा, कारण जुळ्याला दूध निम्मं मिळालेलं असतं, त्याची लोकर जरा कमी भरली तरी तो खराब ठरत नाही.

अपेक्षा मात्र आवरून ठेवा. लोकरीच्या वजनातला सुमारे ३० टक्के फरक आनुवंशिक धरला जातो, बाकीचा चारा-पाण्याचा. समजा नर कोकरांची सरासरी ३०० ग्रॅम आहे आणि तुम्ही ४०० ग्रॅमचा नर ठेवलात. मेंढ्यांतल्या सर्वांत वाईट काढून बाकीच्यांची सरासरी १५ ग्रॅमनं वर नेलीत. आई-बापाचा मिळून सरस भाग (१०० + १५) भागिले २, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम. त्याचे ३० टक्के म्हणजे १७ ग्रॅम. एका पिढीला, म्हणजे तीन-चार वर्षांना, एवढीच वाढ. वजनाच्या मागं धावण्यात अर्थ नाही तो यासाठी. रंग एकसारखा करणं आणि केस कमी करणं यात विणकराला पहिल्या दोन पिढ्यांतच फरक जाणवतो, म्हणून निवडीचा भर तिथं द्या. शरीराचं वजन मात्र पडू देऊ नका. कळपाची कमाई कोकरं आणि शेतात कळप बसवून मिळणाऱ्या खतावर चालते; लोकर त्यामागून येते. लोकर उत्तम पण अंग बारीक असा नर ठेवलात तर विणकर खूश होईल आणि घर उपाशी राहील.

बाकीची तपासणी नेहमीची. खालचा जबडा पुढे किंवा मागे नको, खूर सरळ, दोन्ही अंड एकसारखे, टणक आणि मोकळे लोंबणारे. एक अंड वर चढलेला नर कितीही देखणा असला तरी विकून टाका, हा दोष मुलांत उतरतो. नर दोनदाती झाल्यावर, दीड वर्षाचा असताना, फळवायला सोडा. २५ ते ३० मेंढ्यांमागे एक. म्हणून तुम्हाला एक नाही, दोन लागतात.

एकाच घरातले नर किती काळ वापरायचे हा पुढचा मुद्दा. बापाची लेकीवर फळणी झाली की होणाऱ्या कोकरात २५ टक्के अंतःप्रजनन येतं, सावत्र भावंडांत साडेबारा. किरटी, उशिरा उठणारी, दूध न ओढणारी कोकरं वाढायला लागतात ती इथूनच. पाठी दीड वर्षात फळायला येतात, म्हणजे नर पहिल्यांदा सोडल्यापासून साधारण दोन वर्षांत त्याला बदलावं लागतं. विकत घेण्याऐवजी अदलाबदल करा: लोकर सांभाळणारा दुसरा वाडा बघा, त्याचा नर तुमच्याकडे, तुमचा त्याच्याकडे. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा आणि खोबऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. तिथं येणाऱ्या कळपवाल्यांतून असा जोडीदार मिळण्याची शक्यता बाजारापेक्षा जास्त. शासकीय बाजूनं पुण्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं जवळचं प्रक्षेत्र कवठेमहांकाळ तालुक्यात रांजणीला आहे; नर घेताना तिथंही वरच्या सगळ्या चाचण्या स्वतः करा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या गारोळ मेंढीतलं जुळ्यांचं जनुक दख्खनीत आणून तयार केलेली नारी सुवर्णा बंदिस्त पालनाला चांगली, पण चालत्या कळपात जुळी सांभाळणं आईला जड जातं. तुमच्या कामासाठी ती नको.

फळणी आषाढ-श्रावणात होऊ द्या. त्याआधी दोन-तीन आठवडे मेंढीला रोज २०० ग्रॅमच्या आसपास मका किंवा ज्वारी मिळाली तर माज एकदम येतो. नराच्या छातीला तेलात कालवलेला गेरू फासा. मेंढीच्या पाठीवर खूण उमटली की वहीत तारीख लिहा. माज १७ दिवसांनी फिरतो, म्हणून १७ दिवसांनी रंग बदला. नवा रंग निम्म्याहून जास्त मेंढ्यांवर पुन्हा दिसला तर नर फळवत नाही, हे तुम्हाला पाच महिन्यांनी कळण्याऐवजी तीन आठवड्यांत कळतं. नको असलेल्या नर कोकरांचं दोन-तीन महिन्यांत बर्डिझो चिमट्यानं खच्चीकरण करून घ्या, आणि निवडीत थांबलेल्या नरांनी मेंढ्या फळवू नयेत म्हणून त्यांच्या पोटाखाली गोणपाटाचं फडकं बांधा.

आता कातर. वर्षातून दोनदाच. तिसरी कातरणी केली की तंतू चार सेंटिमीटरच्या आत राहतो आणि सूत तुटतं. "आखूड" ही तक्रार बहुतेक वेळा याचीच असते, नाहीतर दुबार कातीची, ज्याबद्दल पुढं सांगतो. कोल्हापूरच्या पूर्व भागाला सोयीच्या वेळा दोन: फेब्रुवारी अखेर ते मार्च, आणि परतीचा पाऊस ओसरताना, सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. जूनच्या तोंडावर कातरून पन्हाळा-शाहूवाडीच्या बाजूला जाऊ नका. उघड्या अंगावर आठवडाभर झड बसली की फुप्फुसाचा आजार येतो. ऑक्टोबरात मेंढ्या तीन महिन्यांच्या गाभण असतात. तेवढं चालतं, पण त्यांना बुडावर बसवू नका, कुशीवर निजवा. व्यायला सहा आठवडे राहिलेल्या मेंढीला कातर लावूच नका.

कातरणीआधी दोन दिवस वाहत्या पाण्यात धुणं ही जुनी रीत बरोबर आहे. पाठ, कुशी, मांड्या हातानं चोळा, साबण नको. नंतर दोन दिवस कोरड्या खडकाळ माळावर ठेवा. धुवून आणून उसाच्या फडात बसवलं तर धुणं फुकट. आदल्या रात्रीपासून १२ तास चारा बंद. भरल्या पोटी उलटी-पालटी केली की मेंढरू धापा टाकतं आणि लोकरीवर लेंड्या पडतात. अंगावर दव असताना कातरू नका, ऊन वर आल्यावर सुरू करा.

तळाला जाड सुती ताडपत्री किंवा झाडून घेतलेली फरशी. काळी आधी, मग करडी, शेवटी पांढरी असा क्रम ठेवा आणि दर रंगाला जागा झाडा. दहा पांढरे केस काळ्या ढिगात गेले तर सुतात ठिपके उठतात, उलटंही तसंच. जावळ, म्हणजे कोकराची पहिली कात, कधीही मोठ्यांत मिसळू नका. ती सर्वांत मऊ असते आणि तिची घोंगडी वेगळ्या दरानं जाते.

हात की मशिन? ६० मेंढ्यांना हातकातर पुरते. कसलेला माणूस एका मेंढीला दहा-पंधरा मिनिटं घेतो. हातकातरीचा फायदा असा की ती कातडीवर अर्धा-पाऊण सेंटिमीटर लोकर सोडते, ती उन्हाला आणि थंडीला आडोसा देते. मशिन वेगानं आणि कातडीलगत कातरते. शंभराच्या पुढं कळप असेल किंवा तीन-चार वाड्यांनी मिळून घेतलं तर परवडतं. पण मशिन बिघडतं ते बहुतेक वेळा लावण्यात. कंगव्यावर कटर बसवताना कटरची टोकं कंगव्याच्या टोकांपेक्षा सुमारे तीन मिलिमीटर मागं हवीत; पुढं गेली तर कातडी फाटते. ताणाचा स्क्रू सैल राहिला तर लोकर दोन पात्यांत अडकून ओढली जाते आणि मेंढरू उडी मारतं. फार आवळला तर दोन मेंढ्यांत मशिन हाताला चटका देईल इतकं तापतं. कटर धार सोडतो तेव्हा माणूस स्क्रू आवळत जातो, ही चूक सगळीकडे दिसते. आवळू नका, कटर बदला. आपल्या लोकरीत माती असते, म्हणून चार-पाच मेंढ्यांमागे नवा कटर आणि दर मेंढीला तेलाचे थेंब. बाजूला पाच-सहा धार लावलेले कटर तयार नसतील तर मशिन सुरूच करू नका.

कात घेताना पहिल्यांदा पोट उतरवा आणि ते वेगळं टाका. सड, पुरुषांग आणि कासेजवळ डाव्या हाताचा पंजा झाकून ठेवा. सड कापला गेला की ती मेंढी पुढच्या वेताला एका बाजूनं आटते. मग मांडीपासून पाठीकडे, बरगडीवरून खांद्याकडे लांब हात मारा. कातडी नेहमी मागं ताणलेली हवी. चिरा पडतात त्या सुरकुतीत, विशेषतः मानेखाली आणि पुढच्या पायाच्या काखेत. लोकर धरून वर ओढलीत तर कातडीही वर येते आणि कातरीत सापडते. म्हणून लोकरीला हात लावू नका, कातडी ताणा. एकदा गेलेल्या जागी दिसायला सारखं व्हावं म्हणून परत कातर मारू नका. त्या दुसऱ्या हातानं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे तुकडे निघतात, तेच पिंजताना गळतात आणि सुतात गाठी करतात. मेंढी पायऱ्या-पायऱ्यांची दिसली तरी चालेल. पुढच्या कातरणीपर्यंत ती भरून येते.

चीर पडली तर लगेच टिंक्चर आयोडीन, वर माशी न बसण्याचं मलम किंवा फवारा. ऑक्टोबरात माश्या जोरात असतात, दोन दिवस दुर्लक्ष केलं की आसाडी पडते, म्हणजे जखमेत अळ्या होतात. खोल चीर असेल तर टाका घालून धनुर्वाताचं इंजेक्शन पशुवैद्यकाकडून घ्या.

लोकर गोळा करताना चार ढीग पुरतात: पाठ-बरगडी, मांडी, पोट-पाय-डोकं, आणि मळलेली शेपटीजवळची. पहिला ढीग घोंगडीचा. मांडीची केसाळ लोकर त्यात मिसळली की अख्खा ढीग तिच्याच भावाला जातो. ती जेन किंवा बुरणूस (लोकरीची जाडी अंथरुणं) करणाऱ्याला द्या, तिथं ती चालते. दोन-अडीच किलोच्या घोंगडीला पिंजणी-धुलाईतली घट धरून दहा-बारा मेंढ्यांची चांगली पाठ लागते, तेव्हा ६० मेंढ्यांच्या एका कातरणीत चार-पाच घोंगड्यांपलीकडे स्वप्न बघू नका.

दोन गोष्टींनी विणकर हमखास चिडतो आणि दोन्ही आपल्या हातात आहेत. एक, पाठीवर ऑइल पेंटनं मारलेल्या खुणा. तो रंग धुवून जात नाही. खूण कानातल्या बिल्ल्यानं किंवा डोक्यावर गेरूनं करा. दुसरी, खताची प्लॅस्टिकची पोती. त्यांचे पांढरे धागे सुटून लोकरीत जातात, पिंजताना दिसत नाहीत आणि विणलेल्या काळ्या घोंगडीवर चमकतात. सुती किंवा तागाची पोतीच वापरा, आणि तोंड सुतळीनं बांधा, नायलॉननं नाही. पोतं जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. ओलसर लोकर पोत्यात तापते, पिवळी पडते आणि कुजका वास धरते. हात आत घालून कोमट लागलं तर लगेच उन्हात पसरा. कसर लागू नये म्हणून वाळवलेला कडुलिंबाचा पाला थरात घालतात, पण खरं राखण म्हणजे लोकर दोन-तीन महिन्यांत विकून मोकळं होणं.

कातरणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी, चिरा भरल्यावर, गोचीड-खरजेच्या औषधात बुचकाळून घ्या. तेव्हा आखूड लोकरीत औषध कातडीपर्यंत पोचतं आणि कमी लागतं. प्रमाण बाटलीवरचं, अंदाजाचं नाही. आंघोळीआधी मेंढरांना पोटभर पाणी पाजा, नाहीतर तहानेनं ती हौदातलंच पितात. ढगाळ दिवशी किंवा दुपारनंतर हे काम करू नका, अंग वाळायला ऊन मिळालं पाहिजे.